बांधावरून : वाचकांचे प्रश्न, तणनाशकांविषयी

प्रश्न : काका, गच्चीवर अकरा कुंड्यांत टोमॅटो आणि मिरची लावली आहे. मावा दिसला म्हणून दीर शेतावरचा पंप घेऊन आले आणि निंबोळी अर्क मारून गेले. आठ-दहा दिवसांत टोमॅटोची नवी पानं सुतळीसारखी बारीक झाली, शेंडे वाकडे झाले. मिरचीही बोकड्या (पानं आखडण्याचा रोग) आल्यासारखी दिसते. रोपवाटिकेवाले म्हणतात, व्हायरस आहे, उपटून टाका. उपटू का?
— एक वाचक भगिनी, वाई

उत्तर : ताई, उपटायच्या आधी दिरांना विचारा, या पंपाने मागच्या वेळी काय मारलं होतं? त्यांचा ऊस असेल तर टू-फोर-डी या तणनाशकाचं नाव निघेल, अशी माझी दाट शंका आहे.

व्हायरस असा ठरवून एका दिवशी अकरा कुंड्यांवर येत नाही. आधी एखादं झाड धरतो, मग शेजारचं. तुमच्याकडे सगळी झाडं एकदमच वाकडी झाली, तीही फवारणीनंतर. आता पान हातात घेऊन बघा. शिरा एकमेकींना समांतर, कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात का? जुनी पानं बरीचशी जशीच्या तशी आणि बिघाड फक्त नव्या फुटीत, असं आहे का? मग हे तणनाशकच. कापसाला याचा वारा लागला तर पान भेंडीच्या पानासारखं दिसतं. द्राक्षबागायतदार तर शेजारच्या उसात टू-फोर-डी चाललंय म्हटलं की हातातलं काम टाकून बांधावर येतात.

हे औषध म्हणजे झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल. रुंद पानाच्या झाडाला ती झेपत नाही, ते वेडंवाकडं वाढत सुटतं. ऊस, ज्वारी, मका, गहू ही गवताच्या कुळातली पिकं योग्य वेळी, योग्य मात्रेत मारलं तर तगून जातात. म्हणून तर ते उसात चालतं. टोमॅटो, मिरची, वांगी यांना मात्र पंपाच्या नळीत उरलेले चार थेंबही पुरतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. कृषी खात्यात नोकरीला असताना, म्हणजे लोकांना शहाणपण शिकवायचा पगार घेत असताना, उसावर हेच मारून मी पंप दोनदा पाण्याने विसळला आणि आईच्या परसातल्या वांग्यांवर कीटकनाशक मारलं. वांग्यांचे शेंडे पिळवटले. आई काही बोलली नाही, पण त्या वर्षी कुणी वांगी मागितली की मला हाक मारून पुढे करायची.

आता उपाय. यावर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही. दुकानदार टॉनिक देईल, घेऊ नका. पाणी नेमाने द्या, वाकडे शेंडे खुडा आणि तीन-चार आठवडे वाट बघा. मात्रा थोडी असेल तर नवी फूट सरळ येते. फवारणीच्या वेळी झाडावर असलेली फळं मात्र टाकून द्या. मी खाल्ली नसती. कुंडीतली माती फेकायची घाई नको. हे औषध मातीत काही आठवड्यांत विरतं. खात्री हवी तर चार दाणे मूग टोचा. मूग सरळ उगवून पानं नीट फुटली की समजा, माती बरी आहे.

दिरांना निरोप : टाकी, नळी, दांडा, नोझल, जाळी सगळं सुटं करून तीनदा धुवायचं, शेवटी धुण्याच्या सोड्याचं पाणी रात्रभर भरून ठेवायचं. एवढं करूनही त्या पंपाने गच्चीवर यायचं नाही. माझ्याकडे दोन पंप आहेत. तणनाशकाच्या पंपावर लाल रंगाचा पट्टा आहे आणि तो घरात कुणी उचलत नाही.

प्रश्न : अंगणातल्या पेव्हिंग ब्लॉकच्या फटींतून लव्हाळा वर येतो. ग्लायफोसेट हे तणनाशक मारावं का? नातवंडं तिथेच खेळतात.
— एक वाचक, मिरज

उत्तर : नको. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांमार्फत वापरायचं असं ठरवलं. त्याआधी 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलं होतं. अमेरिका आणि युरोपच्या नियामकांना ते पटलेलं नाही, वाद चालू आहे. त्या वादाचा निकाल तुमच्या अंगणात, नातवंडांच्या पायाखाली कशाला लावायचा?

लव्हाळ्याचं खरं दुखणं जमिनीखाली आहे, गाठींची माळच असते. वरून ओढलात तर पात तुटते, गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटते. दोन-तीन ब्लॉक उचला, खुरप्याने गाठी वेचा, खालची वाळू नीट दाबून ब्लॉक परत बसवा. उरलेल्या फटींत दर आठवड्याला कोंब दिसला की कापा. पानं मिळाली नाहीत की गाठीतला साठा संपत जातो. एक पावसाळा तरी हे करावं लागेल, आणि नातवंडांना कामाला लावता येईल.

प्रश्न : लव्हाळ्यावर मिठाचं पाणी ओतलं तर चालेल का? ते तर नैसर्गिक आहे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लव्हाळा त्यालाही पुरून उरतो. शेजारची जास्वंद मात्र जाईल.