गॅरेजच्या पायरीवरून : आधी डिकीतलं पोतं काढा

प्रश्न : ऑटोक्रॉससाठी (मातीच्या वळणदार ट्रॅकवर वेळ लावून होणारी शर्यत) जुनी मारुती एस्टीम तयार केली आहे. आतलं सगळं सामान काढलंय, चारही चाकांना आट्यांचे कॉइलओव्हर (रिंग फिरवून उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) बसवलेत. उजव्या वळणावर स्टिअरिंग कितीही पिळलं तरी नाक बाहेरच जातं. डाव्या वळणावर मात्र मागची बाजू सुटते. पुढं वजन जास्त आहे म्हणून डिकीत २५ किलो वाळूचं पोतं टाकलं, तर गाडी दोनदा गरकन फिरली. मग पोतं काढलं आणि मार्केट यार्डातल्या अडत्याच्या काट्यावर एकेक चाक चढवून वजनं घेतली. सीटवर माझ्या वजनाइतकी साखर ठेवली होती. पुढचं डावं २८८, पुढचं उजवं २५८, मागचं डावं १३८, मागचं उजवं १७६ किलो. आता बॅटरी डिकीत नेऊ का? – एक वाचक, कराड

उत्तर : काट्यावर गेलात, निम्मं काम झालं. बहुतेक जण नुसतं बोनेटवर हात ठेवून ‘पुढं जड आहे’ म्हणतात.

एकूण ८६० किलो, त्यातले पुढच्या चाकांवर ५४६, म्हणजे साडेत्रेसष्ट टक्के. इंजिन पुढं आणि ओढणारी चाकंही पुढचीच, अशा गाडीत हे असंच असणार. ते पन्नासावर आणायच्या भानगडीत पडू नका. मातीत सुटताना चाकं नुसती जागेवर फिरतील. डावी-उजवी बेरीज बघा : ४२६ आणि ४३४. तीही ठीक. गोम आहे ती तिरक्या बेरजेत. पुढचं डावं अधिक मागचं उजवं ४६४, आणि दुसरी तिरकी जोडी फक्त ३९६. हॉटेलातलं डुगडुगणारं टेबल आठवा. समोरासमोरच्या कोपऱ्यातले दोन पाय सगळा भार घेतात, उरलेले दोन नावाला टेकलेले असतात. तुमची गाडी तशी उभी आहे.

उजव्या वळणावर भार डावीकडं जातो. तिथं पुढचं डावं चाक आधीच लादलेलं, त्यात आणखी भर. टायरवर दुप्पट वजन टाकलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. त्यामुळं ते चाक घसरतं आणि नाक बाहेर जातं. डाव्या वळणावर तोच प्रकार मागच्या उजव्या चाकाचा, म्हणून शेपूट सुटते. नुसतं पुढं जड असतं तर दोन्ही वळणांना नाकच बाहेर गेलं असतं. तुमच्या प्रश्नातच उत्तर होतं.

हे सी-स्पॅनरनं, म्हणजे कॉइलओव्हरची रिंग फिरवायच्या पान्यानं, सुटतं. आधी अँटी-रोल बारची (वळणावर गाडी कलू नये म्हणून डावं-उजवं चाक जोडणारा दांडा) एक लिंक सोडा. पुढचं उजवं आणि मागचं डावं, या दोन चाकांच्या स्प्रिंगखालची रिंग अर्धा आटा वर घ्या. उरलेल्या दोघांची तेवढीच खाली. चारही हलवायच्या, म्हणजे गाडीची उंची जागेवर राहते. मग गाडी हातानं पुढं-मागं ढकला, टायर मोकळे होऊ द्या, आणि पुन्हा काटा. तुमच्याच क्रमानं २७०, २७६, १५६, १५८ च्या आसपास आलात की थांबा. लिंक परत जोडताना ती ताणून बसवू नका, नाहीतर केलेलं सगळं तीच बिघडवेल. एक लक्षात घ्या, रिंग फिरवून पुढचं वजन मागं जात नाही, डावीकडचं उजवीकडंही नाही. बदलते ती फक्त तिरकी वाटणी. बाकीचं हलवायचं तर वस्तूच उचलून दुसरीकडं ठेवावी लागते.

पाना लावण्याआधी एक शंका मात्र फेडून घ्या. अडत्याच्या दुकानाची फरशी सपाट होती का? धुवायला सोपी जावी म्हणून तिला उतार दिलेला असतो. एक चाक काट्यावर असताना बाकीची तीन तेवढ्याच उंचीच्या फळ्यांवर हवीत. मी गवंड्याची पाण्याची नळी लावून बघतो. एका गाडीला मी दिवसभर रिंगा फिरवल्या आणि संध्याकाळी कळलं की एका चाकाखालची फळी बाकीच्यांपेक्षा बोटभर जास्त जाड होती. त्या दिवशी चहासुद्धा गोड लागला नाही.

आता पोतं. तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २३६५ मिलिमीटर. मागच्या चाकांच्या ७० सेंटिमीटर मागं २५ किलो ठेवले, की पुढचे सुमारे साडेसात किलो उचलले जातात आणि मागं साडेबत्तीस वाढतात. कागदावर छान दिसतं. पण खांद्यावर कावड घेऊन झटकन वळून बघा. घागरी आधी वळायला तयार नसतात, आणि वळल्या की थांबत नाहीत. तुमची गाडी गरकन फिरली ती अशी. शिवाय सुटं पोतं स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, कुणी चालवून घेणार नाही, घेऊही नये.

म्हणून बॅटरी डिकीत नको. डाव्या सीटच्या जागी फ्लोअरवर, जमेल तितकी खाली बसवा. तुम्ही उजवीकडं बसता, ती डावीकडं बसेल. १२ किलोची बॅटरी दीड मीटर मागं आली तर पुढचे साडेसात किलो मागं जातात, एक टक्क्याच्या आत-बाहेर. पुढचा भार पोत्याइतकाच कमी होतो, वर एक किलोही वाढत नाही. बंद पेटी, बोल्टनं आवळलेली पट्टी आणि कट-ऑफ स्विच हवेतच. तिरकी बेरीज मात्र बॅटरी हलवल्यानंतरच जुळवा, नाहीतर काम दोनदा होईल.

प्रश्न : आमची कॉलेजची टीम कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारतला (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) जाते. फॉर्म्युला वनसारखं टंगस्टनचं वजन तळाला लावलं तर? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : त्यांना किमान वजनाचा नियम आहे. गाडी आधी त्याहून हलकी करायची आणि उरलेलं वजन हवं तिथं, खाली ठेवायचं, हा त्यांचा खेळ. २०११ मध्ये तर ६४० किलोंपैकी पुढं किमान २९१ आणि मागं ३४२ असं बांधूनच दिलं होतं. हलवायला उरले सात किलो. तुमच्या स्पर्धेत किमान वजनाची अट नाही, मग विकत आणून वजन कशाला वाढवता? तुमच्या गाडीतली सर्वांत जड सुटी वस्तू म्हणजे ड्रायव्हर. सीट दोन बोटं खाली किंवा मागं घेऊन परत काट्यावर चढवा. फक्त नियमातला ‘पर्सी’ बाहुला (उंच ड्रायव्हरच्या मापाचा नमुना) त्यात बसतोय ना, ते वेल्डिंग करण्याआधी बघा.