चिखल्या, मेंदी आणि दोन दिवसांत गुण देणारी ट्यूब

प्रश्न : आमची शिराळा तालुक्यात भातशेती आहे. लावणीच्या दिवसांत आमच्या मालकांच्या पायांना दरवर्षी चिखल्या होतात. यंदा मेडिकलमधून ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली म्हणून लावायची बंद केली, तर आठवड्यात पुन्हा सुरू. आता पायावर वर सरकलंय, जांघेतही लाल चट्टा आलाय. त्यांना शुगर आहे. मेंदी लावू का?

उत्तर : ताई, आधी ती ट्यूब शोधा आणि चष्मा लावून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असं काही दिसलं, तर त्यात स्टेरॉइड आहे. त्यानं खाज आणि लाली दबते, पण चिखल्या ज्या बुरशीनं होतात ती मरत नाही. उलट तिला रान मोकळं मिळतं. सांगलीत माझ्याकडे जून ते सप्टेंबर अशा ट्यूबा पिशवीत घेऊन येणारे रोज असतात, आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच : ‘डॉक्टर, पहिल्यांदा लगेच गुण आला होता.’

ती बंद करा. चार दिवस खाज वाढल्यासारखी वाटेल. टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमाझोल या बुरशी मारणाऱ्या औषधांचं साधं, स्टेरॉइड नसलेलं मलम मिळतं. क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, कातडी स्वच्छ दिसायला लागल्यावरही दोन आठवडे लावायचं. लोक नेमके इथेच सोडतात. पण मालकांचं पसरलंय, शिवाय शुगर, तेव्हा स्वतःच्या मनानं नको. डॉक्टर थोडी साल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील, गोळ्या लागतील का ते ठरवतील. जांघेतला चट्टा बहुधा पायाचाच पाहुणा आहे : एकच टॉवेल, खाजवलेला हात, पायांवरून वर ओढलेली चड्डी.

मेंदीचं म्हणाल तर माझी आजीही लावणीच्या दिवसांत रात्री बोटांत मेंदी थापून झोपायची. तुमच्याकडे मात्र नको. मेंदीच्या रंगाखाली लाली झाकते, आणि शुगरवाल्याच्या पायात तीच तर बघायची असते. बोटांमधल्या भेगेतून जंतू शिरले, पाय गरम, लाल होऊन सुजला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शुगरनं पाय बधिर असेल तर त्यांना दुखणारही नाही. म्हणून रोज संध्याकाळी तुम्हीच बघत जा. रॉकेल, डांबर यांचं तर नावच काढू नका.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ओढून बघा. त्या फटीत वारा शिरत नाही, म्हणून तिथली कातडी भिजलेल्या पापडासारखी पांढरी होते. चिखलातून आल्यावर पाय धुवून जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक फट टिपायची, घासायची नाही. फडकं त्यांचं एकट्याचं. गमबूट घालत असतील तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सकाळी काढा.

नखं पिवळी, जाड झाली असतील तर तेही दाखवा. ती नुसत्या मलमानं सहसा बरी होत नाहीत.

आणि ट्यूब रागानं उकिरड्यावर टाकू नका. डॉक्टरकडे जाताना बरोबर न्या.