उंदीर मोजून पोट भरतं का?

प्रश्न: ताई, मी झूऑलॉजीत एमएस्सी करतेय, शेवटचं वर्ष. मला ऑस्ट्रेलियात जाऊन तिथल्या देशी सस्तन प्राण्यांवर पीएचडी करायचीय, बिल्बी (लांब कानांचा, बिळात राहणारा) नाहीतर क्वोल (मांजराएवढा शिकारी प्राणी). घरचे म्हणतात प्राणी आवडतात तर व्हेट हो, उंदीर मोजून कुणाचं पोट भरलंय? प्रोफेसर होईपर्यंत यात नक्की काय काय करावं लागतं, आणि नुसत्या आवडीवर भागतं का?

उत्तर: उंदीर मोजावेच लागतात गं, त्यात घरच्यांचं काही चुकलेलं नाही. 1788 पासून, म्हणजे युरोपियन वस्ती झाल्यापासून, ऑस्ट्रेलियातल्या तीसहून जास्त देशी सस्तन जाती कायमच्या गेल्यात, एवढ्या दुसऱ्या कुठल्याच देशात गेलेल्या नाहीत. आणि मार कुणाला बसला तर साधारण 35 ग्रॅम ते साडेपाच किलोच्या मधल्यांना, कारण बाहेरून आणलेल्या कोल्ह्याच्या आणि मांजराच्या तोंडात मावणारा साइज तोच. मोठी कांगारू बऱ्यापैकी टिकून आहेत. त्यामुळे या फील्डमधलं बरंचसं काम फोटोजेनिक नसलेल्या, रात्री फिरणाऱ्या छोट्या जिवांवर चालतं.

आता आवडीचं. पहाटे उठून एलियट ट्रॅप, म्हणजे अॅल्युमिनियमचे घडीचे पिंजरे, ऊन चढायच्या आत तपासायचे, आत जो असेल त्याचं वजन करायचं, खूण करायची, सोडून द्यायचं, हे आवडीवर निभावतं. पण आवडीची खरी परीक्षा पुढे आहे. देशी प्राणी वाचवायचे म्हणजे तिथे कोल्हे आणि मांजरं मारावी लागतात. नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या काही झुडपांमध्ये फ्लुओरोअॅसिटेट हे विष निसर्गतःच असतं, तिथले प्राणी पिढ्यानपिढ्या ते पचवत आलेत, कोल्ह्याला मात्र ते झेपत नाही, म्हणून तेच विष 1080 या नावाने आमिषात घालतात. सायन्स म्हणून झकास आहे, पण मांजर मेलेलं बघवत नसेल तर आत्ताच स्वतःला विचारून घे, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात नको.

आणि स्टॅटिस्टिक्स! हे कुणी आधी सांगत नाही. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले की फोटोंचा ढीग येतो, त्यात बरेचसे हलणाऱ्या गवताचे, आणि प्राणी दिसला नाही म्हणजे तो तिथे नव्हताच असं म्हणता येत नाही, असूनही न दिसण्याची शक्यता किती ते काढावं लागतं, सगळं काम त्या एका आकड्यावर उभं असतं. आर (R) हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर आत्तापासून शिकायला घे.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेळेचं गणित. तिथे पीएचडी तीन-साडेतीन वर्षांची, ग्रँटही साधारण तेवढीच, आणि वाळवंटातला प्राणी तुझं कॅलेंडर बघत नाही. मध्य ऑस्ट्रेलियातल्या सिम्पसन वाळवंटात क्रिस डिकमन या इकॉलॉजिस्टच्या ग्रुपने 1990 पासून मोजणी चालवलीय. तिथे वर्षानुवर्षं कोरडी जातात, मग एकदा धो धो पाऊस पडतो, बिया येतात, उंदरांची संख्या कैक पटीने वाढते, मागोमाग मांजरं-कोल्हे येतात आणि सगळं परत खाली. तुझी तीन वर्षं कोरड्यात गेली तर थीसिसमध्ये अर्धीच गोष्ट येणार. वॉयलीचं तर उदाहरणच घे, कोल्हे कमी केल्यावर हा छोटा मार्सुपिअल (पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी) इतका वाढला की 1996 मध्ये त्याला धोक्यातल्या जातींच्या यादीतून काढलं, आणि मग काही वर्षांतच संख्या धडाधड कोसळली आणि परत यादीत घालावं लागलं. मोजणं चालू होतं म्हणून कळलं तरी! म्हणून मी म्हणते प्राणी बघून गाइड निवडू नको, ज्याच्याकडे जुना, लांबचा डेटा आहे त्याच्याकडे जा, मग तुझी तीन वर्षं तीस वर्षांच्या शेवटी जोडली जातात.

प्रोफेसर व्हायचं म्हणशील तर पीएचडीनंतर एक-दोन-तीन वर्षांचे पोस्टडॉक, म्हणजे रिसर्चच्या तात्पुरत्या नोकऱ्या, दर वेळी नवीन कॉन्ट्रॅक्ट, बऱ्याचदा नवीन शहर. पर्मनंट जागा मोजक्या. मिळाली तरी फील्ड सुटत जातं, ग्रँट लिहिणं, शिकवणं, एथिक्स कमिटीचे फॉर्म, आणि पिंजरे तपासायला तुझे विद्यार्थी. बरेच जण राज्य सरकारच्या वन्यजीव खात्यात, सल्लागार कंपन्यांत नाहीतर ऑस्ट्रेलियन वाइल्डलाइफ कन्झर्व्हन्सीसारख्या संस्थांत जातात, आणि माझ्या मते त्यात हरल्यासारखं काही नाही, कोल्हे-मांजरं शिरू नयेत म्हणून कुंपण घालून आत बिल्बी सोडणारी माणसं तीच.

स्कॉलरशिप म्हणशील तर ऑस्ट्रेलियन सरकारच्या रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅमची परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते, चुरस खूप. गाइडला ईमेल करताना "मला प्राणी खूप आवडतात" लिहू नको, ते सगळेच लिहितात. त्यांचा एखादा पेपर नीट वाच आणि त्यात काय राहून गेलंय ते विचार. क्वोलचंच बघ, केन टोड हे बाहेरून आणलेले विषारी बेडूक खाऊन ते मरत होते, तर कुणीतरी विचारलं की टोडच्या मांसात मळमळ आणणारं औषध घालून खाऊ घातलं तर पुढे टोड टाळतील का, आणि ते बऱ्यापैकी टाळायला शिकले. असा प्रश्न सुचला पाहिजे.

अजून एक, तिथल्या आदिवासी रेंजर्सबरोबर काम करायची संधी आली तर सोडू नको. किविर्कुरा या पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आदिवासी वस्तीचे शिकारी वाळूतल्या पावलांवरून मांजर माग काढून मारतात आणि बिल्बी कुठे आहे तेही सांगतात, ते कॅमेऱ्याला जमत नाही. आणि जायच्या आधी गाडी चालवायला शीक बाई, फोर बाय फोर येत नसेल तर फील्डवर पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसशील.