व्यवसाय धोरण आणि पर्यावरणीय शाश्वतता या विषयात पीएचडी करायची आहे. सध्या संशोधनाचा कल कुठे आहे?

कल बघून विषय घेऊ नका. प्रबंध बांधून होईपर्यंत तो कल शिळा झालेला असतो.

तरी विचारलंच आहे म्हणून सांगते: ग्रीनवॉशिंग म्हणजे पर्यावरणस्नेही असल्याचा खोटा देखावा, चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे टाकाऊ माल पुन्हा वापरात आणणं, पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतचं, कंपनीच्या बाहेर होणारं उत्सर्जन म्हणजे स्कोप ३, जैवविविधता, आणि युरोपीय संघाच्या अहवाल-नियमांवर तर पेपरांचा पूर आहे. झाली यादी.

या सगळ्याच्या मुळाशी प्रश्न जुनाच आहे: पर्यावरण सांभाळलं तर नफा होतो का? १९९५ मध्ये पोर्टर आणि व्हॅन डर लिंड यांनी मांडलं की नीट आखलेले कडक नियम कंपन्यांना नवं काही शोधायला लावतात आणि त्यातून खर्च भरून निघू शकतो. तेव्हापासून एका बाजूला नफा, दुसऱ्या बाजूला कुठला तरी पर्यावरणाचा आकडा, अशी रिग्रेशनं, म्हणजे दोन्हींचा संबंध तपासणारी संख्याशास्त्रीय गणितं, अखंड चालू आहेत. २०१५ मध्ये फ्रीडे, बुश आणि बासेन यांनी २००० हून अधिक अभ्यास एकत्र पाहिले. सुमारे ९० टक्क्यांत संबंध नकारात्मक नव्हता. माझ्या गाइडचं हे लाडकं वाक्य. ‘नकारात्मक नाही’ यात ‘काहीच संबंध नाही’ हेही बसतं, ते मात्र सर कधी बोलायचे नाहीत.

पीएचडीला येण्याआधी मी एका कारखान्यात पर्यावरण विभागात होते. कंपन्यांना पर्यावरणाबाबत गुण देणाऱ्या रेटिंग एजन्सींच्या प्रश्नावल्या माझ्याच टेबलावर यायच्या. हेच गुण त्या रिग्रेशनांत पर्यावरणाचा आकडा म्हणून वापरतात. एक विचारायची, पाण्याबाबत लेखी धोरण आहे का? आहे. मिळाले गुण. दुसरी विचारायची, पाणी एकूण किती उचललं? तिथे गुण कापले जायचे. कंपनी एक, वर्ष एक, निकाल दोन. म्हणून पीएचडीच्या समितीपुढे मी त्याच कंपन्यांचे दोन एजन्सींचे स्कोअर शेजारी-शेजारी ठेवले आणि म्हटलं, आपण नक्की काय मोजतोय ते आधी ठरवू. एक सदस्य म्हणाले, ‘छापून आलेल्या पेपरांना जे चालतं ते तुम्हाला का चालत नाही?’ सरांनी बाहेर आल्यावर तोडगा काढला: एकच एजन्सी धर, नाहीतर सरळ बिब्लिओमेट्रिक कर. म्हणजे स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधून कीवर्ड उतरवायचे, व्हीओएसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरमध्ये घालायचे आणि रंगीत गोळ्यांचा नकाशा काढायचा. मी दोन्ही केलं नाही, आणि त्यावरून आमचं जे बिनसलं ते कायमचं.

२०२२ मध्ये बर्ग, कोल्बेल आणि रिगोबॉन यांचा पेपर छापून आला. सहा एजन्सींच्या ईएसजी (पर्यावरण, समाज, कंपनी-कारभार) रेटिंगमधला सरासरी सहसंबंध ०.५४ (पूर्ण एकमत असतं तर १), आणि मतभेदाचा निम्म्याहून मोठा वाटा मोजण्याच्या पद्धतीतल्या फरकाचा. मी तो सरांना मेल केला, विषयाच्या जागी फक्त ‘०.५४’ लिहून. उत्तर आलं नाही. आणि फोक्सवॅगन विसरू नका: सप्टेंबर २०१५ मध्ये डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात ती वाहन उद्योगात अव्वल ठरली, आणि त्याच महिन्यात तिच्या डिझेल गाड्यांतलं, चाचणीपुरतं उत्सर्जन कमी दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं पडलं.

तेव्हा एकच उद्योग घ्या आणि टन, लिटर, युनिट यांत मोजा. अमेरिकेत कारखानानिहाय विषारी उत्सर्जनाच्या नोंदी १९८७ पासूनच्या आहेत आणि कुणालाही मिळतात. त्याच वापरून किंग आणि लेनॉक्स यांनी २००० मध्ये दाखवलं की रसायन उद्योगाच्या ‘रिस्पॉन्सिबल केअर’ या स्वयंनियमनात सामील झालेल्या कंपन्या बाहेरच्यांपेक्षा वेगाने सुधारत नव्हत्या. रेटिंग घेऊन बसले असते तर हे हाती लागलं नसतं.

हां, त्या नोंदीही कंपन्याच भरतात, तेव्हा डोळे झाकून घेऊ नका. आणि लवकर प्रकाशन दाखवायचं असेल तर बिब्लिओमेट्रिक पेपर सोपा पडतो, हेही खरं. एखादा करून टाका. पूर्ण प्रबंधच त्यावर रचायला कोणी सांगितलं, तर नकाशातले किती पेपर त्यांनी स्वतः वाचलेत ते विचारा. शक्यतो गाइड निश्चित करण्याआधी.