हिऱ्याची खाण विचारायला लाजू नकोस
गोखले रोडवरच्या सराफी पेढीत काउंटरला लागलीस, छान झालं. पण ‘किंबर्ली सर्टिफाइड’ एवढ्यावर समाधान मानू नकोस गं. किंबर्ली ही २००३ पासूनची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र व्यवस्था फक्त कच्च्या हिऱ्यांची, तीही बंडखोरांच्या लढाईला पैसा पुरवणारा माल अडवण्यापुरती. खाणमजुरांचे हाल त्यात येतच नाहीत, आणि मला तेच जास्त टोचतं. हिरा तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा साधा ग्रेडिंग रिपोर्टही रंग, शुद्धता, वजन सांगतो, खाण नाही. गर्डलवर, म्हणजे हिऱ्याच्या कडेच्या पट्टीवर, लेझरने कोरलेला नंबर असेल तर दहा पट भिंगाखाली रिपोर्टशी ताडून बघ. मग कच्चा माल कुठला, हे व्यापाऱ्याकडून लेखी माग. बारीक हिऱ्यांचं खरं अवघड: सुरतेत पैलू पाडून चाळणीने आकार लावताना कित्येक ठिकाणचा माल एकत्र होतो. त्यांचा माग लागत नसेल, तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांग.