हॉटेल काढणं कंपनीच्या अधिकारात बसतं का?

प्रश्न : आमची एमआयडीसीत टॉवेलची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, माझे थोडे शेअर्स आहेत, आता डायरेक्टर कंपनीच्या पैशातून हॉटेल काढायला निघालेत, अडवता येईल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : येईल, पण आधी मेमोरँडममधलं (कंपनी स्थापनेच्या मूळ दस्तऐवजातलं) उद्देशाचं कलम नीट वाचा. त्यात हॉटेल बसत नसेल तर मीटिंगमध्ये सगळ्यांनी हात वर केले तरी व्यवहार कायदेशीर होत नाही, 1963 च्या लक्ष्मणस्वामी मुदलियार केसमध्ये विमा कंपनीने उद्देशाबाहेर जाऊन ट्रस्टला दिलेले 2 लाख शेअरहोल्डरांनी मंजूर केलेले होते तरी सुप्रीम कोर्टाने डायरेक्टरांनाच जबाबदार धरलं. हां, आधी विशेष ठराव (किमान तीन-चतुर्थांश मतांचा) करून उद्देशच बदलला तर गोष्ट वेगळी. नाहीतर कंपनी कायद्याच्या कलम 245 खाली मुंबईच्या एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) मनाई मागा, त्याला 5 टक्के सभासद किंवा 5 टक्के भांडवल लागतं, म्हणून बाकीच्यांना आत्ताच सोबत घ्या, जागेचा इसार जायच्या आत.