सोरायसिससाठी लाइट थेरपी घेताना अंगावर खरखरीत गाठी आल्या, हे उपचारामुळे असेल का?

असू शकतं, पण आधी तुमचा उपचार 'पुवा' आहे की नॅरोबँड यूव्हीबी (अतिनील प्रकाशाचा एक अरुंद पट्टा), ते फाइलवर बघा. पुवामध्ये सोरालेनची (त्वचा प्रकाशाला संवेदनशील करणाऱ्या औषधाची) गोळी घेऊन साधारण दोन तासांनी यूव्हीए हा अतिनील प्रकाश देतात. सोरालेन पेशींच्या डीएनएला चिकटतं, म्हणून कॅन्सरचा धोका मुख्यतः इथेच. नॅरोबँडमध्ये (311 ते 313 नॅनोमीटर) गोळी नसते आणि आतापर्यंतच्या पाहणीत कॅन्सरचं प्रमाण ठळक वाढलेलं दिसलेलं नाही.

पुवानंतर गडद तपकिरी, वेड्यावाकड्या कडांचे ठिपके येतात. ते बहुधा निरुपद्रवी असतात. चामखिळीसारखे खरखरीत, खवल्यांचे उंचवटे मात्र दाखवायलाच हवेत, कारण त्यांतले काही पुढे स्क्वॅमस सेल कॅन्सरकडे (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) झुकतात. 150 ते 200 सिटिंगनंतर हा धोका स्पष्ट वाढतो. आकडे मुख्यतः गोऱ्या त्वचेच्या रुग्णांवरून आलेत. आपल्या सावळ्या त्वचेत धोका कमी, शून्य नव्हे.

गाठ वाढतेय, दुखतेय, रक्त येतंय किंवा जखम महिनाभर भरत नाहीये? पुढचं सिटिंग थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडून बायोप्सी करून घ्या. चामखीळ समजून घरी चुना किंवा अॅसिड लावू नका, नमुनाच बिघडतो.

एकूण सिटिंग आणि जूल्सची (मिळालेल्या प्रकाशाच्या मात्रेची) नोंद स्वतःजवळ ठेवा. दवाखाना बदलला की ती हमखास हरवते. पुरुषांनी जननेंद्रिय झाकूनच मशीनमध्ये उभं राहावं, तिथे धोका कितीतरी जास्त असतो. पुवा झालेल्यांनी सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं.